परिशिष्ट सात

१२ जानेवारी

पुनर्वसन विभागाला यंदा पन्नास वर्षं पूर्ण होतात, आणि एवढ्या वर्षांत आपण निर्वासितांचं किती भलं केलं हे जगाला सांगावं असं विभागाला वाटू लागलंय. जगानं विचारलेलं नाही. तरी सांगायचंय. त्यासाठी इतिहासाची एक निवृत्त प्राध्यापिका हवी होती, म्हणून आज मला बोलावलं होतं.

उपसचिव पंचेचाळिशीचा गृहस्थ. शर्टाला अशी इस्त्री, की माणसासकट घडी घालून कपाटात ठेवून द्यावा. मी मनातल्या मनात त्याचं नाव इस्त्रीसाहेब ठेवून टाकलं.

"चारशे पानं, रंगीत फोटो, जाड कागद," तो म्हणाला. "फक्त मॅडम, जरा पॉझिटिव्ह ठेवा."

"पॉझिटिव्ह रक्ताचा रिपोर्ट असतो," मी म्हटलं. "इतिहास नसतो."

तो हसला. विनोद कळला नव्हता, हसायची जागा कळली होती.

मी हो म्हणून आले. घरी ह्यांनी विचारलं, "तुला सरकारी माणसांचा एवढा तिटकारा, मग घेतलंस कशाला?" म्हटलं, कुणीतरी नीट लिहायला हवं. खरं कारण इथे लिहिते, कारण ही वही कुणी वाचत नाही. माझ्या मागच्या पुस्तकाला अकरा वर्षं झाली आणि त्याच्या प्रती अजून आमच्या पलंगाखाली आहेत. केर काढताना ह्यांना ते गठ्ठे सरकवावे लागतात. ते कधी काही बोलत नाहीत. तेच जास्त लागतं.

१९ जानेवारी

विभागाची रेकॉर्ड रूम तळघरात आहे. दोन खोल्या, लोखंडी मांडण्या, भिंतींना पोपडे. तिथली कारभारीण पन्नाशीची बाई. मी म्हटलं, पहिल्या वर्षाच्या सगळ्या फायली काढा. म्हणाली, "सावकाश बघा." म्हटलं, धूळ फार आहे. म्हणाली, "हो, सावकाश." जेवायची सुट्टी कधी ते मी विचारलं नाही, उत्तर ठाऊक होतं.

बत्तीस वर्षं ही सावकाशबाई या तळघरात आहे. शासनाच्या करुणेचा अख्खा इतिहास तिच्या डोळ्यांसमोर फडताळात रचलाय, आणि चेहऱ्यावर एक रेष हललेली नाही. अशांच्या हाती कागद द्यायचे आणि मग इतिहास सापडत नाही म्हणून गळा काढायचा.

४ फेब्रुवारी

नदीपलीकडच्या देशात तेव्हा कत्तली झाल्या, माणसं जीव मुठीत धरून पूल ओलांडून इकडे आली, आणि त्यांच्यासाठी हा विभाग जन्मला. जन्मल्याबरोबर त्यानं पहिलं काम काय केलं असेल, तर शब्द शोधले. पहिल्या वर्षी कागदांत ही माणसं 'पाहुणे' आहेत. दुसऱ्या वर्षी 'आश्रित'. चौथ्या वर्षी 'निर्वासित'. नवव्या वर्षापासून 'अनधिकृत परदेशी'. माणसं तीच, छावणी तीच, तंबूला ठिगळंही तीच. फक्त कारकुनाचं तोंड वाकडं होत गेलंय.

आज 'कुटुंबाची व्याख्या' नावाची फाइल वाचली. एकशे चाळीस पानं. दर कुटुंबाला दोन घोंगड्या द्यायच्या असं ठरलं, मग कुटुंब म्हणजे किती माणसं यावर पत्रव्यवहार सुरू झाला. पाच, असा निर्णय झाला. सहावा माणूस निघाला तर त्यानं वेगळं कुटुंब स्थापन करावं काय, असं एका अधिकाऱ्यानं गंभीरपणे विचारलंय. उत्तर यायला चौदा महिने लागले. तोवर दोन हिवाळे गेले होते.

मी इतकी हसले की सावकाशबाईनं मान वर करून पाहिलं. ती हसली नाही. तिला विनोदाचं अंग नाही.

२१ फेब्रुवारी

आज ती रजेवर, आणि माझं गाडं अडलेलं. कपाटांच्या किल्ल्या तिच्याजवळ. दुपारी कळलं की सासूचा दाखला नूतनीकरणाला घेऊन गेली होती. दरवर्षी म्हणे एक दिवस जातो, पहाटेपासून रांग असते. म्हणजे सावकाशबाईनं छावणीतल्या घरात लग्न केलंय. असो. प्रत्येकाची आवड.

दुसऱ्या दिवशीची गोष्टही इथेच लिहून टाकते. ती परत आली आणि चहाच्या वेळी मला विचारू लागली, "मॅडम, अंतिम तारखेचा नियम तुम्ही पुस्तकात घालणार का?" मी तिला शाळेत शिकवावं तसं समजावलं. पहिल्या वर्षीच्या एकतीस ऑगस्टपूर्वी जे आले, त्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना कायमचा रहिवास. नंतर आले त्यांना वर्षावर्षाचा तात्पुरता दाखला. त्यावर नोकरी नाही, जमीन नाही, मतदान नाही.

"आणि आधी येऊन गेले, मग परत आले, असे असतील तर?" तिनं विचारलं.

"पहिल्यांदा आल्याचा पुरावा लागेल."

"हो का," म्हणाली आणि कपबशी विसळायला गेली. बत्तीस वर्षं याच विभागात काढून बाईला नियम माहीत नाही.

९ मार्च

आजचा दिवस मी जन्मात विसरणार नाही.

सकाळी टेबलावर नेहमीसारखा फायलींचा ढीग होता. त्यात एक जाड बाड, वर लिहिलेलं 'फर्निचर दुरुस्ती, किरकोळ'. दुसरं कुणी असतं तर बाजूला सारलं असतं. पण चाळीस वर्षांचं माझं नाक. उघडलं, तर आत कापडी बांधणीचं रजिस्टर. पुलाजवळ मिठाचं एक गोदाम होतं, तिथे पहिल्या जूनमध्ये आलेल्या माणसांची नोंद. तीन जून ते तेरा जून, अकरा दिवस. नाव, वय, गाव, सोबत कोण, आल्याची तारीख. पाठपोट तीन हजारांवर नोंदी.

विभागाच्या पहिल्या वार्षिक अहवालात या सगळ्याबद्दल एकच ओळ आहे, "सुमारे तीन हजार पाहुणे स्वेच्छेने मायदेशी परतले." रजिस्टरच्या शेवटच्या पानावर चौदा जूनच्या ट्रकांचे नंबर आहेत. राजधानीतून हुकूम आला आणि सगळ्यांना ट्रकांत भरून पुलापलीकडे सोडून दिलं. खाली नाक्यावरच्या कारकुनानं बारीक अक्षरात लिहिलंय, "दोन जणांनी पुलावरून नदीत उडी घेतली. नोंद कुठल्या रकान्यात करावी, मार्गदर्शन व्हावे."

मार्गदर्शन झालेलं दिसत नाही.

हे रजिस्टर पुरात नष्ट झालं असं विभाग आजवर तीनदा लेखी सांगत आलाय. आणि मी ते शोधून काढलं. सावकाशबाईला दाखवलं तेव्हा तिनं फक्त पदर तोंडाला लावला. धुळीनं असेल.

१० मार्च

ह्यांना सगळं सांगितलं. ते शेंगा सोलत होते. म्हणाले, "फर्निचरची फाइल तू मागवली होतीस?"

"नाही. ढिगात होती."

"ढीग कोण लावतं?"

"तीच लावते. का?"

"काही नाही," म्हणाले आणि पुढची शेंग घेतली. जन्मभर पाण्याच्या पाइपांची मापं घेतलेल्या माणसाला संशोधनातला आनंद काय कळणार.

२ एप्रिल

'पुलावरचे अकरा दिवस' हे प्रकरण लिहून झालं. अडतीस पानं. आजवर मी लिहिलेल्यांत सर्वांत चांगलं, हे मला माहीत आहे. माघारी पाठवलेल्यांपैकी जे जगले ते हिवाळ्यात पाणी उतरल्यावर नदीतून चालत परत आले, म्हणजे अंतिम तारखेनंतर. आज छावणीत तात्पुरत्या दाखल्यावर आहेत ते बहुतेक हेच. या प्रकरणानंतर विद्यापीठातले ते सगळे, मला दुय्यम म्हणणारे, काय करतात ते पाहते.

सावकाशबाईचा आजचा प्रश्न: "मॅडम, सरकारनं स्वतः छापलेलं पुस्तक कोर्टात पुरावा म्हणून धरतात का?" म्हटलं, धरतात, सरकारला स्वतःचं छापील कसं नाकारता येईल. तिनं मान डोलावली आणि माझ्या पेन्सिलीला टोक करून दिलं. असे रिकामे प्रश्न पडायला वेळ बरा मिळतो.

३० एप्रिल

इस्त्रीसाहेबानं बोलावलं. समोर माझं प्रकरण. पानांना हात न लावता, टाचणीनं उचलल्यासारखं त्यानं ते माझ्याकडे सरकवलं.

"हे राहू शकत नाही, मॅडम."

"हे खरं आहे."

"खरं आहे म्हणूनच म्हणतोय," तो म्हणाला. त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं प्रामाणिक वाक्य. मग सांगितलं की ऐकणार नसाल तर काम दुसऱ्याकडे देऊ, तयार माणूस आहे. मंत्र्यांची भाषणं लिहून देतो तो, ज्याला स्वल्पविराम आणि अर्धविराम यांतला फरक कळत नाही.

मी ताडकन उठून यायला हवं होतं. मनात उठले, दार आपटलं, जिना उतरले. प्रत्यक्षात म्हणाले, "ठीक आहे, काढते." त्या इस्त्रीच्या शर्टाइतकीच मीही घडी पडलेली निघाले. पलंगाखालचे गठ्ठे आठवले, दुसरं काही नाही. या चार महिन्यांत मी ज्यांना ज्यांना तुच्छ लेखलं, त्यांच्या यादीत आज माझं नाव लिहून ठेवते.

३ मे

तळघरात बसून प्रकरणाची पानं वेगळी करत होते. सावकाशबाई जवळ येऊन उभी राहिली. तिनं कधी इतकी वाक्यं एका दमात बोललेली मी ऐकली नव्हती.

"प्रकरण काढा मॅडम. पण यादी ठेवा. मागे, परिशिष्टात. बारीक टायपात. फक्त नावं, वय, गाव आणि आल्याची तारीख. ट्रक नको, पूल नको, काही नको. यादी कोण वाचतंय?"

"कुणीच नाही. म्हणून तर नको. याद्या म्हणजे इतिहास नव्हे."

"साहेबांना आवडेल," ती म्हणाली. "वर नाव द्या, आरंभीच्या लाभार्थ्यांची यादी."

मला हसू आलं. ज्यांना हाकलून दिलं त्यांना लाभार्थी म्हणायचं. पण डोकं दुखत होतं, पुस्तक अडतीस पानांनी रोडावलं होतं, आणि इस्त्रीसाहेबाच्या पानांत काहीतरी जड टाकावं एवढीच इच्छा उरली होती. हो म्हटलं.

७ मे

इस्त्रीसाहेब खूश. "तीन हजारांवर लाभार्थी, तेही पहिल्या अकरा दिवसांत. मॅडम, हे तर आधी यायला हवं होतं." परिशिष्ट सातवर सही केली. एकही नाव वाचलं नाही. मीही वाचलेली नाहीत, पण मला कारण आहे.

२६ जून

मुद्रितं महिन्याच्या सुरुवातीलाच आली. परिशिष्ट सात मी सरळ सावकाशबाईकडे ढकललं. नावं तपासायला पीएच.डी. लागत नाही. तीन आठवडे झाले, ती जेवायच्या सुट्टीतही पट्टी ठेवून ओळ न् ओळ रजिस्टरशी ताडतेय. आज विचारलं, "नाव न ठेवलेली बाळं छापायची ना?"

"नाव नाही तर छापणार काय?"

"अमकीचं बाळ, मुलगा, वय चार दिवस. रजिस्टरमध्ये तसंच आहे."

म्हटलं छापा. ती त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसली. कामचुकारपणा म्हणावा तर तो तिचा स्वभाव नाही, एवढं मला आता कळलंय. एकूण आकडा मीच घातला, ३,४१२. रजिस्टरमध्ये पानागणिक नावांपुढे अनुक्रमांक आहेत, ते पाहून बेरीज केली.

१४ सप्टेंबर

प्रकाशन झालं. मंत्र्यांनी माझं पुस्तक हातात घेतलं, उलटं, आणि सुलटं करायला तिघे धावले. भाषणात म्हणाले, आमच्या दारातून कुणी विन्मुख गेला नाही. टाळ्या. माझं नाव आभाराच्या शेवटी, मंडपवाल्याच्या आधी. सावकाशबाईला निमंत्रण नव्हतं. ती मागे पाण्याच्या पिंपाशी उभी होती. पुस्तक मिळालं का म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "विकत घेतलं. पावती आहे."

६ ऑक्टोबर

माझं पुस्तक खपतंय. विभागाच्या विक्री खिडकीवर तीन आठवड्यांत पहिली आवृत्ती संपत आली. घरी मी हे जरा मोठ्यानं सांगितलं. ह्यांनी चष्मा काढून विचारलं, "घेतंय कोण?" म्हटलं, वाचक.

आज मुद्दाम खिडकीपाशी गेले. आपल्याला ओळखतील, काही विचारतील, म्हणून जरा बरी साडी नेसले होते. रांग फाटकाबाहेर गेलेली. साधी माणसं, बरीचशी म्हातारी, काठ्या, पिशव्या. पुस्तक हातात पडलं की कुणीही पहिलं पान उघडत नव्हतं. मागून उघडत होते. भिंतीला टेकून, बोटानं ओळी लावत. एक बाई वाचता येत नाही म्हणून शेजाऱ्याला वाचायला लावत होती, आणि तो एकेक नाव सांगताना ती "पुढे, पुढे" म्हणत होती. मग एकदम म्हणाली, "थांब. हा बाबा."

प्रत्येक जण खिडकीतून पावतीवर शिक्का मागत होता.

माझ्या चारशे पानांवर कुणी नजर टाकली नाही. मी तिथे साडी नेसून उभी होते. तेव्हा, एवढ्या उशिरा, माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की ही रांग माझ्या पुस्तकासाठी नाहीच. एकतीस ऑगस्टपूर्वी आल्याचा पुरावा सरकारनं स्वतः छापलाय, तारखेसकट, शिक्क्यासकट. आणि तो मी छापायला लावलेला नाही.

२० ऑक्टोबर

इस्त्रीसाहेबाच्या शर्टाला आज पहिल्यांदा सुरकुती दिसली. छावणीतल्या दोनशेसहा कुटुंबांनी रहिवास न्यायाधिकरणात अर्ज टाकलेत, सोबत परिशिष्ट सात. त्यानं माझ्यापुढे एक शुद्धिपत्र ठेवलं. "परिशिष्ट सात अनवधानाने समाविष्ट झाले असून लेखिकेने त्याची सत्यता तपासलेली नाही." खाली माझ्या सहीची जागा.

"फक्त एक सही, मॅडम. तुमच्यावर काही येणार नाही."

"म्हणजे माझ्या पुस्तकात चूक आहे, असं मी लिहून देऊ?"

"तांत्रिक चूक."

"अहो, स्वतःच्या विभागाचा पहिला सचिव कोण होता ते तुम्हाला मी सांगितलं. माझी चूक तुम्ही काढणार?"

मी सही केली नाही. फार थोर काही केलं असं वाटून घेत नाहीये. कुणासाठी नाही केलं. चूक कबूल करायची कल्पनाच सोसवली नाही. एप्रिलमध्ये जो कणा मिळाला नाही तो गर्वातून मिळाला, एवढंच.

तिकडे अर्जदारांच्या वकिलानं आधीच मिळवलेला हुकूम आलाय. रजिस्टर रेकॉर्ड रूममधून हलवायचं नाही. आणि साक्षीला मला बोलावणार.

१ नोव्हेंबर

"साक्षीत विचारतील, यादी तुम्ही स्वतः तपासली का," हे म्हणाले. आम्ही जेवत होतो. "काय सांगशील?"

मी भातावर आमटी वाढून घेतली.

"तू त्या बाईकडे ढकलली होतीस ना? तिचं नाव घेतलंस तर विभाग तिला उभी चिरेल. त्या फायलीत रजिस्टर कुणी ठेवलं होतं हे तुला आता कळलंय का, की अजून नाही?"

पस्तीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्याशी या आवाजात बोलायची ही दुसरी वेळ. कळलं होतं. खिडकीपाशी कळलं होतं, फक्त लिहायचं टाळत होते. तीनदा जुन्या कागदांची होळी करायचे हुकूम आले असतील, आणि तीनदा तिनं ते रजिस्टर फर्निचरच्या नावाखाली वाचवलं असेल. मग एक फुशारकी मारणारी प्राध्यापिका आली, आणि सावकाशबाईनं पाहिलं की हिच्या नाकासमोर ठेवलं तर ही आपणच शोधलं म्हणेल.

मी म्हटलं, "तुम्हाला मार्चमध्येच कळलं होतं."

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतकी आनंदात होतीस," ते म्हणाले.

१३ नोव्हेंबर

नऊ दिवस तळघरात बसले. एका बाजूला रजिस्टर, एका बाजूला पुस्तक, मध्ये पट्टी. एकूण एक नोंद ताडली. याद्या म्हणजे इतिहास नव्हे, असं मी वर्गात तीस वर्षं सांगत आले. तिसऱ्या दिवशी माझा आवाज आपोआप फुटला, नावं मोठ्यानं वाचू लागले. एका घरातले आठ जण, मग पुढच्या ओळीत त्याच गावचे सात. एका म्हाताऱ्याच्या वयापुढे कारकुनानं लिहिलंय, "सांगता येत नाही, फार." चार दिवसांच्या त्या बाळाच्या आईचं वय एकोणीस.

त्या ओळीपाशी मी सावकाशबाईला विचारलं, "ह्या तुमच्या सासूबाई?"

"हो." आणि पट्टी पुढच्या ओळीवर सरकवत, "मुलगी नर्सिंगला पहिली आली आमची. दाखला तात्पुरता, म्हणून नेमणूक नाही."

एवढंच. मीही जास्त विचारलं नाही. मला काही विचारायचा अधिकार होता असं वाटलं नाही.

तिच्या कामात एकही चूक सापडली नाही. माझ्या कामात सापडली. माझा एकूण आकडा चुकलाय. नाव न ठेवलेल्या बाळांना रजिस्टरमध्ये अनुक्रमांक नाहीत, म्हणून ती माझ्या बेरजेत आली नाहीत. सतरा होती.

२२ जानेवारी

आज साक्ष झाली. न्यायाधिकरणाची खोली लहान, खुर्च्या कमी. माणसं भिंतीला लागून आणि दाराबाहेर जिन्यापर्यंत उभी. सावकाशबाई कुठे दिसली नाही. तिला ड्यूटी होती.

सरकारी वकील तरुण, आवाज चढा. "परिशिष्ट सात आपण स्वतः तपासलंत?"

"एकूण एक नोंद. नऊ दिवस लागले."

"छापण्यापूर्वी?"

"छापण्यापूर्वी एकदा तपासलं गेलं. छापल्यावर मी तपासलं. यादीत एकही चूक नाही."

"आपण खात्रीनं सांगता? पुस्तकात काहीच चूक नाही?"

"आहे," मी म्हटलं. "एकूण आकड्यात. तीन हजार चारशे बारा लिहिलंय, तीन हजार चारशे एकोणतीस हवं. सतरा बाळं मी मोजली नाहीत. ती चूक माझी. दुसऱ्या कुणाची नाही."

मागे कुणीतरी खोकल्यासारखा आवाज केला. मला वाटतं, ऐकायला आलेले आमचे हे.

मग वकिलानं मला नको असलेला प्रश्न विचारला. "हे रजिस्टर विभागाच्या नोंदीनुसार अस्तित्वात नाही. 'फर्निचर दुरुस्ती' नावाच्या फाइलमध्ये ते आपल्याला कसं मिळालं? कुणी दाखवलं?"

इस्त्रीसाहेब पहिल्या रांगेत पुढे वाकला. त्याला तेच नाव हवं होतं. मी चष्मा काढला, पुसला. तीस वर्षं विद्यार्थ्यांकडे जसं पाहिलं तसं त्या पोराकडे पाहिलं.

"इतिहासाच्या अभ्यासकाला," मी म्हटलं, "कागद कुणी दाखवावे लागत नाहीत. आपल्याला लागत असतील."

लोक हसले. वकील लाल झाला. अध्यक्षांनीही ओठ दाबले आणि पुढचा प्रश्न विचारा म्हणाले. खोलीतल्या प्रत्येकाला पटलं, की ही आढ्यतेखोर म्हातारी खरंच असं समजते. पटणारच. सात महिने मी तसंच समजत होते.

४ एप्रिल

पहिला निकाल लागला. एकशे अठ्ठ्याण्णव कुटुंबांना कायमचा रहिवास. आठ अर्ज कागद अपुरे म्हणून राहिले, त्यांचं पुन्हा चालेल. विभागानं माझं पुस्तक संकेतस्थळावरून काढलं. इस्त्रीसाहेबाची बदली मत्स्यपालनाकडे झाली. तिथे कुणी बोलत नाही, त्याला जमेल.

१९ जून

'पुलावरचे अकरा दिवस' मी स्वतंत्र छापतेय. एक प्रकाशक तयार आहे, लहानसा आहे. त्यासाठी नाक्यावरच्या त्या कारकुनाचा पत्रव्यवहार हवा होता, म्हणून तळघरात गेले. सावकाशबाई नव्हती. शिपायानं किल्ल्या दिल्या. म्हणाला, "रजेवर आहेत. मुलीचा आज हॉस्पिटलात नोकरीचा पहिला दिवस, तिला सोडायला गेल्यात."

मग मी एकटीच शोधायला लागले. नाका, पूल, सीमा, आवक, जावक, सगळी कपाटं उघडली. तीन मांडण्या खालपासून वरपर्यंत पाहिल्या. साडीची वाट लागली, शिंकून शिंकून जीव गेला. पाच वाजता शिपाई कुलूप लावायला आला, तोवर मला एक कागद मिळाला नव्हता.